पाठीतले चार स्क्रू



या अंकाचं संपादकीय रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर लिहायचं ठरलं होतं. टिपणं काढून झाली होती. अंकाच्या बैठकीला नेहमीप्रमाणे सतरंजीवर गोल करून बसलो आणि पंधरा मिनिटांतच मी भिंतीचा आधार शोधत मागे सरकले. आमच्यातली सगळ्यात धाकटी कार्यकर्ती म्हणाली, "ताई, गेले आठ महिने तू आम्हाला दर बैठकीत पाठीतल्या स्क्रूंचं पुराण ऐकवतेयस. काढू की ठेवू, काढू की ठेवू. आता तेच लिही ना." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर कुणी दुसरा विषय काढलाच नाही. मजुरीवरचा लेख आता आतल्या पानांत आहे.

मला संकोच वाटला, हे कबूल करते. दुसऱ्या बायकांच्या दुखण्यांवर आपण वर्षानुवर्षं लिहितो, शिबिरं घेतो. स्वतःच्या पाठीवर लिहायचं म्हटलं की वाटतं, 'एवढं काय त्यात?' हे वाक्य आपल्याला कुणी शिकवलं ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या कमरेवर शस्त्रक्रिया झाली. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला होता. उतारवयातल्या झिजेने असा मणका सरकणं पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतं. नसा दाबल्या जायच्या. शंभर पावलं चाललं की दोन्ही पाय भरून यायचे. मोर्चात चार जणी पुढे निघून गेल्या की मी कुणाच्या तरी ओट्यावर वाकून बसलेली. गोळ्या, पट्टा, व्यायाम असं दीड वर्ष काढलं. शेवटी नसांवरचा दाब मोकळा केला आणि ते दोन मणके एकमेकांना जोडले.

हे 'जोडणं' म्हणजे काय, ते मला शस्त्रक्रियेआधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. मणके डॉक्टर जोडत नाहीत, शरीर जोडतं. डॉक्टर दोन मणक्यांच्या मध्ये किंवा बाजूला हाडाचे तुकडे पेरतात. ते रुजून एकसंध हाड तयार व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. तोवर मणके हलू नयेत म्हणून माझ्या प्रत्येक मणक्यात दोन असे चार स्क्रू घातले आणि त्यांना धरणाऱ्या दोन सळया बसवल्या. स्लॅब टाकताना खालून सेंट्रिंग लावतात, तसंच हे. फरक इतकाच, की स्लॅब धरला की सेंट्रिंग काढतात. पाठीतलं बहुतेक वेळा कुणी काढत नाही. हाड जुळलं की त्याचं काम संपतं आणि ते आत राहून जातं.

या धातूंचा इतिहासही थोडा समजून घ्यावा असा आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, त्या मणक्याच्या क्षयासाठी. तेव्हा आत टेकू नव्हता, रोगी महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहायचे. धातूच्या सळईचा वापर रूढ झाला तो पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी ती पद्धत बसवली आणि १९६२ साली तिच्याविषयी लिहिलं. तेव्हा हे लोखंड बायकांना छळायला कुणी शोधून काढलेलं नाही. त्याच्यामुळे मी आज चालते आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तक्रारी करणार आहे.

पायांचं दुखणं गेलं ते गेलंच. दुसऱ्या वर्षी मात्र नवीन दुखणं सुरू झालं. व्रणाच्या उजव्या बाजूला, दोन बोटांच्या जागेत. मी मूळची किडकिडीत, पाठीवर मांस कमी. तिथे दाबलं की आत टणक लागतं. एसटीच्या सीटला पाठ टेकली की नेमकं तिथेच टोचतं. जमिनीवर उताणं झोपलं की खाली खडा राहिल्यासारखं वाटतं. आणि त्या खड्याभोवती कंबरभर एक कळ, जी संध्याकाळकडे वाढत जाते.

ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "उत्तम. स्क्रू जागेवर, हाड जुळलेलं." मी म्हटलं, "पण दुखतं." ते माझ्या जोडीदाराकडे वळून म्हणाले, "दुखायला काही कारण नाही. या वयात असं होतं. त्यांना जरा मन रमवायला सांगा." मी समोर बसले होते. माझ्या मांडीवर माझीच फाईल होती. स्क्रू काढता येतील का, असं विचारलं, तर हसून म्हणाले, "काढायचे कशाला? तुम्हाला काय त्याचे पैसे पडणारेत?"

चिडून दुसरीकडे गेले. हे डॉक्टर उलट टोकाचे. एक्स-रे पाहिला, बोटाने जागा दाबली आणि म्हणाले, "काढून टाकू. छोटंसं काम आहे, तिसऱ्या दिवशी घरी." काउंटरवरच्या मुलीने खर्चाचा कागद तयार केला, भरतीची तारीखही लिहिली. हाड खरंच जुळलंय का, दुखणं स्क्रूचंच आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

आता यातला माझा भाग सांगते. दुसऱ्या डॉक्टरांकडून घरी येताना मला विजय मिळाल्यासारखं वाटत होतं. आपल्या चळवळीच्या आठवणी या बाबतीत फार ताज्या असतात. तांबी बसवायला नर्सबाई घरी येतात, 'त्रास होतो, काढून द्या' म्हणणाऱ्या बाईला मात्र 'सवय होईल' म्हणून परत पाठवतात. नॉरप्लांटविरुद्ध आपण बोललो तेव्हाही हाच मुद्दा होता. दंडात सहा कांड्या बसवणं सोपं, त्या काढायला शिकलेला हात लागतो, आणि बाई मागेल तेव्हा तो हात मिळेल याची खात्री कुणी देत नाही. दुसऱ्या बाजूला जे आपलं स्वतःचं असतं ते काढायला मात्र उशीर लागत नाही. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. बाहेरून घातलेलं ते राहू द्या, आणि शरीरातलं ते काढून टाका, असा हा न्याय. माझ्या मनात माझे चार स्क्रू या सगळ्या रांगेत जाऊन बसले. पहिल्या डॉक्टरांनी 'नाही' म्हटलं, म्हणून काढणं हाच माझा हक्क, असं मी धरून चालले.

भरतीच्या आधी जुने कागद लागतील म्हणून मी पहिल्या रुग्णालयात अर्ज केला. आपले कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ते द्यावे लागतात. दाखल रुग्णाचे कागद सांभाळण्याची सक्ती मात्र तीनच वर्षांची आहे, म्हणून उशीर करू नका. मला दोन फेऱ्या पडल्या, पण कागद मिळाले. त्यात स्क्रूंच्या पाकिटांवरच्या चिकटचिठ्ठ्या होत्या. धातू टायटॅनियमचा, कंपनी अमुक, माप तमुक. या चिठ्ठीचं महत्त्व मला नंतर कळलं. प्रत्येक बनावटीच्या स्क्रूला काढायचं हत्यार वेगळं असू शकतं. कोणता स्क्रू आहे हे माहीत नसेल तर पाठ उघडल्यावर डॉक्टरांचीच पंचाईत होते.

त्याच फाईलमध्ये संमतीपत्र होतं. छापील, इंग्रजी, दोन पानी. शेवटी सही जोडीदाराची. माझी सही कुठेही नव्हती.

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मला आठवलं, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नर्स कागद घेऊन आली आणि तिने तो सरळ त्याच्यापुढे धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला सलाईन होतं. मी म्हटलं, "कर ना तू सही." संमती म्हणजे काय, यावर मी पंधरा वर्षं शिबिरं घेते. फळ्यावर खडूने लिहून देते. आणि माझ्या स्वतःच्या कण्याच्या वेळी मी म्हटलं, कर तू. त्याला दोष देत नाही, नर्सलाही देत नाही. भीतीच्या वेळी जुनी सवय किती चटकन परत येते, एवढंच सांगते आहे.

या सहीविषयी कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. समीरा कोहली खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. तपासणीपुरती भूल घेतलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय आणि बीजकोश डॉक्टरांनी त्याच वेळी काढले. बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारलं होतं, असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही, थांबण्यात तिच्या जिवाला धोका नसेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, हे त्या निकालाने स्पष्ट केलं. नवऱ्यालाही हेच लागू आहे. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून चालेल. ती आपल्या सहीच्या जागी चालणार नाही.

त्या कागदाने माझा विजयाचा कैफ उतरवला. पहिल्या वेळी न विचारता 'हो' म्हटलं होतं, दुसऱ्या वेळीही न विचारता 'हो'च म्हणायला निघाले होते. भरतीची तारीख रद्द केली. एका मैत्रिणीच्या ओळखीने सरकारी रुग्णालयातल्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. ओपीडीत तीन तास नंबर लागला नाही. पण नंबर लागल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं, जोडीदाराला बाकावर बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला.

मी म्हटलं, "स्क्रू काढून हवेत."

"काढल्यावर काय होईल असं वाटतं?"

"पूर्वीसारखं वाकता येईल. दुखणं थांबेल."

त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. त्या जे बोलल्या ते मी वहीत उतरवलं. ते इथे देते, कारण ते माझ्या एकटीच्या उपयोगाचं नाही.

पूर्वीसारखं वाकता येणार नाही. मणके जुळले असतील तर ते हाड आता एकच झालंय, स्क्रू काढले तरी ते सुटं होत नाही. आणि जुळले नसतील, तर स्क्रू काढणं हा उपाय नाही. मग उलट जोडणी पुन्हा भक्कम करावी लागते. हाड जुळलं नाही तर सगळा भार धातू वाहतो, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसा धातूही थकून तुटतो. म्हणून पहिला प्रश्न हाडाचा. त्यासाठी साधा एक्स-रे नेहमी पुरत नाही, सीटी स्कॅन लागतो.

दुसरा प्रश्न, दुखणं कुणाचं? स्क्रूचं डोकं स्नायूला घासत असेल. किंवा जोडलेल्या भागाच्या वरचा सांधा जादा भार घेऊन झिजत असेल. किंवा नस, किंवा स्नायूच. स्क्रूच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन देऊन पाहतात. काही तासांपुरतं दुखणं थांबलं तर संशय स्क्रूवर जातो. तरीही खात्री नसते.

तिसरा, काढण्याची किंमत. पुन्हा भूल, पुन्हा स्नायू कापणं, रक्त जाणं, जखमेत पू होण्याची भीती, क्वचित नसेला इजा. स्क्रू निघाले की हाडात रिकामी भोकं राहतात, ती भरेपर्यंत पाठ जपावी लागते. आणि हे सगळं करूनही काही जणींचं दुखणं तसंच राहतं.

चौथा, न काढण्याची किंमत. दुखणं काही प्रमाणात राहील. पण नुसत्या दुखण्यासाठी घाई नसते, पुढेही काढता येतं. घाई कधी? जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप राहिला, स्क्रू सैल झाला, तुटला किंवा नसेत घुसला तर. आणि पायातली ताकद जायला लागली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

"डॉक्टर, हे पहिल्या वेळी कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बाहेर रांग बघितलीत ना? आम्हालाही रोज सगळ्यांना सांगता येत नाही." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर कमी म्हणून बोलायला वेळ नाही, खासगीत वेळेचे पैसे पडतात म्हणून वेळ नाही. माहिती मिळण्याचा हक्क हा शेवटी माणसं नेमण्याचाही प्रश्न आहे.

तपासण्या झाल्या. सीटीत हाड पक्कं जुळलेलं दिसलं. हाडांची घनता कमी भरली, म्हणजे हाडं ठिसूळ होत चाललेली. पाळी गेल्यानंतर बायकांना हे होतं, पण मीही कधी तपासलं नव्हतं. इंजेक्शनच्या दिवशी मी घरी येऊन मुद्दाम जमिनीवर उताणी पडले. तो खडा गेला होता! पाच तास तो नव्हता. पण कंबरभरची कळ मात्र होती तिथेच होती.

म्हणजे माझं दुखणं एक नव्हतं, दोन होती. स्क्रू काढून फार तर एक जाईल.

डॉक्टरबाईंनी एक वही ठेवायला सांगितलं होतं. कधी दुखलं, त्याआधी काय केलं होतं. दोन महिने लिहिलं. मला वाटलं होतं एसटीचे प्रवास आणि बैठका वर येतील. वर आले ते भलतेच दिवस. पाणी एक दिवसाआड येतं, तो दिवस. गौरी-गणपतीचे दिवस. सिलिंडर बदलला तो दिवस. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'जड वजन उचलू नये.' भरलेला सिलिंडर जवळजवळ तीस किलोचा असतो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर हंड्याचं वजन. पण बाईच्या घरात 'जड' म्हणजे पोतं, जे ती तशीही उचलत नाही. हंडा हे वजनच नव्हे, ते काम. माझ्या सासूबाईंनी ती वही एकदा वाचली आणि म्हणाल्या, "अगं, यात तर माझ्याही पाठीचं लिहिलंयस. मला तर कुणी स्क्रूसुद्धा घातले नव्हते."

याच काळात मराठवाड्यातल्या एका संघटनेतली मैत्रीण मुक्कामाला आली. तिची कहाणी तिच्या परवानगीने सांगते. चौदाव्या वर्षी तिच्या पाठीला बाक आला. वयात येतानाचा हा बाक मोठा होण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त असतं. सळया घातल्या, पाठ सरळ झाली. दहा-अकरा वर्षांनी व्रणावर पुटकुळी आली, तिच्यातून पाणी येऊ लागलं. घरात स्थळं बघणं चाललं होतं. पाठीत सळया आहेत हे कुणाला सांगितलं नव्हतं. "आता रुग्णालयात गेलो तर गावभर होईल. आणि काढल्या की पुन्हा वाकडी होशील." आठ महिने लेप आणि मलम. शेवटी ताप चढला तेव्हा ती एकटी बस पकडून शहरात गेली. जंतू धातूवर ठाण मांडून बसले होते. सळया काढल्याशिवाय औषध लागू पडणार नव्हतं. हाड जुळलेलं होतं. तिने स्वतः सही केली, सळया काढल्या. जखम भरली. बाक थोडा वाढला. ती म्हणते, "थोडी वाकडी आहे, पण पाठ माझी आहे." तिच्यासाठी काढणं हेच योग्य होतं, आणि आठ महिने आधी योग्य होतं.

मी मात्र ठेवायचे ठरवले आहेत.

हे वाचून काही जणींची निराशा होईल. 'म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं तेच ना? मग एवढा खटाटोप कशाला?' हा प्रश्न मला बैठकीतही विचारला गेला, आणि तो योग्य आहे. माझं उत्तर असं. त्यांचं उत्तर कदाचित बरोबर होतं, पण त्यात मी नव्हते. 'दुखायला कारण नाही' हे चूक होतं. कारण होतं, दोन कारणं होती. ती कळल्यावर, माझी ठिसूळ हाडं, दुसऱ्यांदा भूल, निम्म्याच दुखण्याचा भरवसा हे सगळं समोर ठेवून मी 'आता नको' म्हणाले. तेही कायमचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. खडा वाढला, झोप मोडू लागली, तर काढायचे. काय झालं तर मत बदलायचं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. दुसऱ्याने सांगितलेलं 'नाही' आणि आपण समजून घेतलेलं 'नाही' कागदावर सारखं दिसतं. अंगावर वागवताना ते सारखं नसतं.

आपल्यालाही यातून एक शिकायचं आहे. व्यवस्थेवर अविश्वास ठेवायला आपल्याकडे सबळ कारणं आहेत. पण डॉक्टर म्हणेल त्याच्या उलट करणं म्हणजे स्वतः निर्णय घेणं नव्हे. त्यातही निर्णय त्याचाच राहतो, फक्त उलटा. मी त्या दुसऱ्या काउंटरवर जवळजवळ तेच केलं होतं.

मग पुढे काय? घरात पाणी भरणं आणि सिलिंडर ही कामं आता जोडीदाराची आहेत. पहिला महिना त्याने 'मदत' केली, आता तो करतो. कंबरेचे व्यायाम आणि हाडांचं औषध चालू आहे. कळ कमी आहे. खडा आहे. आणि आमच्या कार्यालयात चार खुर्च्या आल्या आहेत. ही गोष्ट लहान नाही. इतकी वर्षं आपण सगळ्या सतरंजीवर बसतो, त्यात समानता आहे, याचा मला अभिमान होता. खुर्च्या आल्याचं कळल्यावर आमची एक जुनी सहकारी दोन वर्षांनी बैठकीला आली. गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं आणि एकटीने खुर्ची मागायची लाज वाटत होती, म्हणून ती येतच नव्हती. आम्ही समजत होतो, तिचा उत्साह कमी झाला.

गटांना एक विनंती. तुमच्या वस्तीत, गावात ज्यांच्या शरीरात काही बसवलेलं आहे, मग ती तांबी असो, मांडीतली सळई असो की पाठीतले स्क्रू, त्या सगळ्यांना एका दुपारी एकत्र बोलवा. प्रत्येकीकडे कागद आहेत का ते पाहा. नसतील तर मिळून अर्ज करा, एकटीला टोलवतात तसं दहा जणींना टोलवत नाहीत. आणि जिची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे तिला हे प्रश्न लिहून द्या. काय बसवणार, कशाचं, किती काळासाठी? नंतर काढावं लागेल का, केव्हा, कोण काढेल, खर्च किती? न बसवता दुसरा उपाय आहे का? घरी गेल्यावर 'जड' म्हणजे नेमके किती किलो? हा कागद माझ्या भाषेत वाचून दाखवाल का? आणि सही मीच करणार. बरोबर एक मैत्रीण न्या. भीतीच्या वेळी प्रश्न विसरतात, मी विसरले होते. सोबतीण विसरत नाही.

बसवण्याआधीच काढण्याविषयी बोललं गेलं पाहिजे, ही आपली जुनी मागणी आहे. ती तांबीपुरती ठेवू नका.

तुमचे अनुभव लिहून पाठवा. काढलेल्यांनी लिहा, ठेवलेल्यांनी लिहा, आणि अजून ठरत नसेल तिने तर जरूर लिहा. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या, खाली अंगठा चालेल. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.

तुमची,
संपादक